नानांचा पाठपुरावा

कोथरूडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत सकाळी सातला बाकड्यावर जमणाऱ्या मंडळींत एक तरी नाना असतोच. वय चौसष्ट, बारा वर्षांची शुगर, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त आणि काखेत प्लॅस्टिकची फाइल. उभी हयात लोक नानांच्या टेबलाशी पाठपुरावा करत उभे राहिले. आता खुद्द नानांच्या हृदयाचं प्रकरण प्रलंबित आहे आणि ते पुढे सरकवायला नाना तयार नाहीत.

सुरुवात फुल बॉडी चेकअपपासून झाली. जोडीने केल्यास सवलत होती, एवढंच त्यामागचं वैद्यकीय कारण. माईंचं सगळं ठीक निघालं, नानांची स्ट्रेस टेस्ट बिघडली. या चाचणीत पायाखालचा पट्टा दर तीन मिनिटांनी वेग वाढवतो आणि चढही वाढवतो. पहिला टप्पा ताशी पावणेतीन किलोमीटरचा, म्हणजे मंडईत भाव विचारत फिरण्याचा. नाना तंत्रज्ञाला म्हणाले, "जरा वाढवा की. पर्वती चढणारा माणूस आहे मी." सहाव्या मिनिटाला त्यांनी दांडा घट्ट धरला आणि "बंद करा" म्हणाले. ईसीजीच्या आलेखातली रेघ दोन मिलिमीटरनी खाली घसरली होती. रिपोर्टखाली लिहून आलं : हृदयरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.

"दोन मिलिमीटर!" नाना बाकड्यावर म्हणाले. "आम्ही बांधलेल्या पुलांत दोन इंचांचा फरक असायचा. उभे आहेत अजून." (त्यांतला एक जड वाहनांना बंद आहे, पण सकाळच्या वेळी तो विषय कोण काढणार?)

टू-डी एको त्याच पॅकेजात होता. त्यात इजेक्शन फ्रॅक्शन आलं ४५ टक्के. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, त्याचा हा हिशोब. निरोगी हृदयाचा आकडाही साधारण ५५ ते ७० च्या घरातच असतो, शंभर कुणालाच मिळत नाहीत. पण नाना जुन्या वळणाचे. "पंचेचाळीस म्हणजे सेकंड क्लास. मॅट्रिकला मला एवढेही नव्हते," असं म्हणून त्यांनी रिपोर्टची घडी घातली. शेजारच्या कुलकर्ण्यांना ६२ पडल्याचं कळलं तेव्हा मात्र चहा गार होईपर्यंत ते बोलले नाहीत.

त्यानंतर फाइल फिरू लागली. आधी मेडिकलवाल्याकडे, कारण तो वीस वर्षांचा ओळखीचा. मग न्यू जर्सीतल्या मुलीकडे, व्हॉट्सअॅपवर, उलट्या धरलेल्या फोटोतून. ती रात्रभर झोपली नाही, नाना झोपले. मग जिन्यात भेटलेल्या दंतवैद्याकडे. सोसायटीच्या ग्रुपवर अर्जुनाची साल, लसणाच्या पाकळ्या आणि झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, हे ठेवणीतलं फॉरवर्ड आलं. नाना दोन दिवस गॅलरीत खोकण्याचा सराव करत होते. एकट्या माणसाने खोकून झटका परतवावा असं कुठलाही हृदयरोगतज्ज्ञ सांगत नाही. तेवढ्या वेळात १०८ ला फोन लावावा असंच सांगतो. पण १०८ ला फोन लावण्याचा सराव कोण करतो?

फाइल गेली नाही ती फक्त ज्याच्या नावाने शेरा होता त्याच्याकडे. रिपोर्ट आला तेव्हा पितृपक्ष लागला होता, आणि पक्षात अशा कामाला हात घालायचा नसतो. पुढे नवरात्राचे उपास. मग दिवाळीत मुलगी यायची होती, तिच्यासमोर घरात दवाखान्याचं वातावरण नको. तुळशीचं लग्न लागल्यावर बघू, असं ठरलं. नानांचं पंचांग पाहिलं तर आजारी पडायला अधिक महिन्याखेरीज मोकळा मुहूर्त नाही.

दरम्यान जे काही होत होतं त्याला घरात एकच नाव होतं : गॅस. जिन्यात दम लागला, गॅस. जेवणानंतर जबडा दुखला, गॅस. त्यावर ओवा, सोडा, हिंगाची गोळी. बारा वर्षं मुरलेली शुगर नसांची जाणीव बोथट करते. सिनेमात नट छाती धरून कोसळतो तशी कळ मधुमेह्याला येईलच असं नाही, नुसता दम लागतो किंवा घाम फुटतो. हे माईंनी पुरवणीत वाचलं, आणि अपॉइंटमेंट नानांना न विचारता घेतली.

ओपीडीत नानांचा नंबर तेहतिसावा. सिस्टरने पट्टा बांधला तर बीपी १६८. "काका, पाच मिनिटं शांत बसा," ती म्हणाली. केसपेपरच्या खिडकीवर सुट्या पैशांवरून वीस मिनिटं वाद घालून आलेल्या माणसाला हे सांगणं सोपं असतं. नानांनी तारखांनुसार लावलेली फाइल मांडीवर घेतली. वर फेब्रुवारी २०१७ चं कात्रण : औषधी स्टेंट २९,६०० रुपयांना, साधा ७,२६० ला, केंद्र सरकारची कमाल मर्यादा. दर नंतर बदलत गेले, पण नाना त्या कात्रणावर भांडायच्या तयारीने आले होते. वहीच्या पानावर चौदा प्रश्नही होते.

दोन तासांनी आत गेल्यावर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, त्रास काय होतो?"

"त्रास तसा काहीच नाही," नाना म्हणाले. "रिपोर्ट तेवढा खराब आहे."

डॉक्टरांनी माईंकडे पाहिलं. अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ तिकडेच पाहतो.

"काल दुसऱ्या मजल्यावर थांबले होते," माई म्हणाल्या. "चपलेचा पट्टा नीट करतोय म्हणाले. चपलेला पट्टाच नाहीये, स्लिपर होती."

चौदा प्रश्नांचं पान खिशातच राहिलं. क्रिएटिनिन बघून घ्यायचं, कारण अँजिओग्राफीचा डाय किडनीतून बाहेर पडतो, आणि गुरुवारी उपाशीपोटी यायचं. मनगटातून नळी घालून पाहिलं तर एक रक्तवाहिनी ८० टक्के बंद निघाली. तिथल्या तिथे स्टेंट बसला. बिलाच्या वेळी कात्रण काढायला नानांचा उजवा हात मोकळा नव्हता, मनगटावर दाबपट्टी होती.

आता नाना बाकड्यावर तज्ज्ञ आहेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ऐकवतात. ऐकणारा घाईत असला तरी सोडत नाहीत. स्वतः मात्र रात्रीची गोळी माईंनी हातावर ठेवल्याशिवाय घेत नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा एको झाला. आकडा आला ५२. डॉक्टर म्हणाले, "छान सुधारणा आहे." नाना खुर्ची सोडेनात. दोन तपासणाऱ्यांच्या मापात चार-पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो, असं डॉक्टरांच्याच तोंडून त्यांनी मागच्या वेळी ऐकलं होतं.

"मग पुनर्मूल्यांकनाला अर्ज कुठे करायचा?" नानांनी विचारलं. "कुलकर्ण्यांचा एको कुणी तपासला होता?"