शेक्सपिअरला गप्प कसे बसवावे

(नवोदित मूकपटवाल्यांसाठी सोपी मार्गदर्शिका)

तुमच्याकडे हाताने फिरवायचा कॅमेरा आहे, भाड्याच्या तलवारी आहेत आणि डोक्यात 'हॅम्लेट' घोळतो आहे. नाही तो फक्त आवाज. घाबरू नका. १८९९ पासून पुढची तीसेक वर्षे लंडन, पॅरिस, ब्रुकलिन आणि बर्लिनमधल्या शहाण्यासुरत्या माणसांनी हाच उद्योग केला. ज्या नाटकांची सारी मदार बोलण्यावर, ती त्यांनी न बोलता करून दाखवली. खालची एकही युक्ती आमच्या पदरची नाही. प्रत्येक युक्ती कुणी ना कुणी गंभीर चेहऱ्याने करून पाहिलेली आहे.

पायरी १ : नाटककार मेलेला निवडा

जिवंत लेखक पैसे मागतो. मेलेला नुसती प्रतिष्ठा देतो. प्रतिष्ठेची गरज तर फार. अमेरिकेत तेव्हा चित्रपट म्हणजे पाच सेंटांचा खेळ, आणि तिथे बसणाऱ्यांकडे सभ्य समाज आणि पोलीस दोघेही संशयाने पाहणार. शेक्सपिअरचे नाव लावले की तोच खेळ सोवळा होतो. ब्रुकलिनच्या व्हायटाग्राफ कंपनीने हे अचूक हेरले आणि १९०८ या एका वर्षात 'मॅक्बेथ', 'रोमिओ अँड ज्युलिएट', 'रिचर्ड द थर्ड', 'ज्युलियस सीझर', 'अँटनी अँड क्लिओपात्रा' असा धडाकाच लावला. उलट कालेम कंपनीने १९०७ मध्ये 'बेन-हर' ही गाजलेली कादंबरी कुणाला न विचारता पडद्यावर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९११ मध्ये कंपनी हरली. तात्पर्य, लेखक निदान दोनतीनशे वर्षे जुना असावा.

खबरदारी : संगीत नाटकाच्या वाटेला जाऊ नका. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, आणि गंधर्व नाटक मंडळीची स्थापनाही त्याच वर्षीची. बालगंधर्वांच्या ताना ऐकायला रात्र जागवणाऱ्या प्रेक्षकाला नुसते हलणारे ओठ दाखवलेत, तर तिकिटाचे पैसे परत करायची तयारी ठेवा.

पायरी २ : चार तास एका रिळात कोंबा

एक रीळ हजार फुटांचे, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांचे. संपूर्ण 'हॅम्लेट' चार तासांचे. फरक कात्रीने मिटवा. आधी स्वगते काढा, मग विनोद, मग उपकथानक. उरेल ते पळते ठेवा. प्रेक्षकाला गोष्ट माहीत आहे असे धरून चाला. त्याला ती माहीत नसेल, तर ती त्याची चूक.

मात्र काटछाटीतही अक्कल लागते. १९०८ मध्ये पर्सी स्टो याने 'टेम्पेस्ट' बारा मिनिटांत बसवले. नाटकात प्रॉस्पेरो आपली पूर्वकथा मुलीला बसून सांगतो, आणि सांगतच राहतो. स्टोने ते सांगणे उडवले आणि गोष्ट तिच्या मुळापासून दाखवली : तान्ही मिरांडा, बेटावरचे आगमन, झाडात अडकलेल्या एरिअलची सुटका. पुढे हाच एरिअल क्षणात नाहीसा होतो, क्षणात माकड होऊन कॅलिबनला सतावतो. तिथे संवादाची आठवणही होत नाही. ही पायरी पुन्हा एकदा वाचा. सगळ्या मार्गदर्शिकेचे मर्म इथे आहे, पण बहुतेक जण ती ओलांडून थेट पुढच्या पायरीवर जातात.

पायरी ३ : मोठा नट आणा आणि त्याला बोलू द्या

मोठा नट म्हणजे मोठा आवाज. तोच तुम्हाला टिपता येणार नाही, हे त्याला सांगू नका. सप्टेंबर १८९९ मध्ये हर्बर्ट बीअरबोम ट्री या लंडनच्या बड्या नटाने 'किंग जॉन'मधले काही तुकडे कॅमेऱ्यासमोर केले. त्यातला एकच आज हाती आहे, जेमतेम मिनिटभराचा. विषप्रयोग झालेला राजा पांढऱ्या झग्यात खुर्चीवर बसला आहे. तो छाती धरतो, पिळवटतो, हात वर फेकतो, तोंड उघडतो आणि बोलतो. काय बोलतो ते शेजारी उभ्या असलेल्यांनाच ठाऊक. आपल्याला दिसतो तो पोटशूळ.

हेच ट्री १९१६ च्या 'मॅक्बेथ'साठी हॉलिवुडात गेले. सगळी भाषणे अथपासून इतिपर्यंत म्हणण्याचा त्यांचा हट्ट. महागडी फिल्म वाया जाऊ नये म्हणून शेजारी एक रिकामा कॅमेरा ठेवला आणि लांबलचक भाषणे त्याच्यासमोर होऊ दिली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा खोटी, रिकामा कॅमेरा जवळ बाळगाच. नटाचा मानही राहतो आणि फिल्मही वाचते.

पायरी ४ : कॅमेरा एकदा ठेवला की हलवू नका

नाट्यगृहातली सर्वांत चांगली खुर्ची शोधा आणि कॅमेरा तिथे रोवा. १९११ मध्ये एफ. आर. बेन्सन यांच्या मंडळीचा 'रिचर्ड द थर्ड' स्ट्रॅटफर्डच्या मेमोरियल थिएटरात असाच टिपला गेला. मागे रंगवलेले पडदे, खाली रंगमंचाच्या फळ्या, आणि लांबवर मुठीएवढी माणसे. आधी पाटीवर शेक्सपिअरच्या ओळी वाचायच्या, मग त्या ओळी कुणीतरी दूरवर म्हणतो आहे असे समजायचे.

या बाबतीत आपणही मागे नव्हतो. दादासाहेब तोरण्यांचे 'श्री पुंडलिक' हे रामराव कीर्तिकरांच्या मराठी नाटकाचेच चित्रण. ते १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये झळकले, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या वर्षभर आधी. पण ते नाटकच टिपलेले, शिवाय कॅमेऱ्यामागे साहेब, म्हणून पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान त्याला द्यावा की नाही, यावर आजही हमरीतुमरी चालते.

नटाला शेवटी नमस्कार करायची सवय असते, तीही टिपा. १९१२ च्या अमेरिकी 'रिचर्ड द थर्ड'मध्ये फ्रेडरिक वॉर्ड साध्या कपड्यांत पडद्यावर येऊन झुकून अभिवादन करतात. गावोगावच्या खेळांना ते स्वतः हजर राहून व्याख्यान देत आणि उतारे म्हणत. आवाजाची अडचण सोडवण्याचा याहून सरळ मार्ग नाही : चित्रपटाबरोबर नटही पाठवा.

पायरी ५ : खून बेताने करा

नाटकात मॅक्बेथ राजाला पडद्याआड मारतो. आपण ऐकतो त्या खुनाआधीचे आणि नंतरचे बोलणे. मूकपटात बोलणे गेले, म्हणजे राहिला नुसता खंजीर. शिकागोत चित्रपटाला पोलिसांची परवानगी लागे. व्हायटाग्राफचा 'मॅक्बेथ' तिथे पोचला, तेव्हा खुनाचा प्रसंग कापायला लावला गेला. नाटकात खून हा अनेक गोष्टींतला एक असतो, चित्रात मात्र तोच मुख्य होऊन बसतो, असे अधिकाऱ्याचे म्हणणे. त्यांना हसू नका. अनेक समीक्षकांपेक्षा त्यांना माध्यम अधिक कळले होते.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनाही हाच अनुभव आला. खाडिलकरांनी १९०७ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या 'कीचकवधा'वर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, ती त्यातल्या बोलण्यात प्रेक्षकांना माजी व्हाइसरॉय कर्झन ऐकू येत होता म्हणून. पेंटरांनी १९२० मध्ये तीच कथा 'सैरंध्री' म्हणून मुकी केली. आता कर्झन ऐकू येण्याची भीती नव्हती. तरीही सेन्सॉरची कात्री चाललीच : भीमाने केलेला वध फार खरा वाटत होता.

पायरी ६ : भूत पारदर्शक ठेवा, किल्ला खरा बांधा

१९१३ मध्ये जॉन्स्टन फोर्ब्ज-रॉबर्टसन यांनी 'हॅम्लेट' केला, तेव्हा राजपुत्राचे वय साठ होते. कॅमेरा दूर असल्यास हरकत नाही. निर्माता सेसिल हेपवर्थ याने डॉर्सेटच्या लुलवर्थ कोव्हला समुद्राकाठी एल्सिनोरचा किल्ला उभा केला आणि बापाचे भूत एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून आरपार दिसेलसे केले. रंगभूमीवर भुताला आवाज खोल काढावा लागतो. इथे त्याच्या अंगातून मागचे दगड दिसले की काम झाले.

पायरी ७ : लेखकाची एकही ओळ ठेवू नका

इथवर आलात तर आता धाडस करा. १९२१ मध्ये आस्टा निल्सन या डॅनिश नटीने जर्मनीत 'हॅम्लेट' केला, तो असा की हॅम्लेट मुळात मुलगी. गादीसाठी जन्मापासून मुलगा म्हणून वाढवलेली. होरेशिओला ते कळते तिच्या मृत्यूनंतर. शेक्सपिअरच्या राजपुत्राला मन मोकळे करायला स्वगते आहेत. या हॅम्लेटला ज्याच्यावर प्रेम आहे त्यालाच काही सांगता येत नाही. मूकपटाला याहून सोयीचे गुपित कोणते? सगळा भार निल्सनच्या डोळ्यांवर, आणि ते डोळे तो पेलतात.

अर्न्स्ट लुबिचने १९२५ मध्ये त्याहून मोठा गुन्हा केला. ऑस्कर वाइल्डचे 'लेडी विंडरमिअर्स फॅन' घेतले आणि वाइल्डची चमकदार वाक्ये पाट्यांवर एकदाही येऊ दिली नाहीत. वर नाटकात नसलेला घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग घातला : मैदानात घोडे पळताहेत, आणि सभ्य स्त्रीपुरुषांच्या दुर्बिणी मात्र रोखल्या आहेत बदनाम मिसेस एर्लिनवर. वाइल्डने ज्या समाजाला वाक्यावाक्याने ओरबाडले, तो समाज लुबिचने नुसत्या दुर्बिणींत पकडला. पायरी २ मध्ये आम्ही जे मर्म म्हटले ते हेच. ट्री शब्द गेल्यावरही शब्दच करत राहिले. लुबिचने शब्दांचे काम दुसऱ्याकडे सोपवले.

पायरी ८ : काम झाल्यावर प्रती जाळा

ही थट्टा नाही. ट्री यांच्या १९११ च्या 'हेन्री द एट्थ'च्या सगळ्या प्रती, सहा आठवड्यांचे खेळ संपल्यावर, ठरल्याप्रमाणे जाहीरपणे जाळण्यात आल्या. दुर्मीळतेला भाव असतो, हे गणित. पण एवढा खर्च नको असेल तर प्रती तशाच सोडा. नायट्रेटची फिल्म आपण होऊन सडते किंवा पेटते. वॉर्ड यांचा 'रिचर्ड' वाचला तो योजनेबाहेर : ओरेगनमधल्या एका माजी प्रोजेक्टरवाल्याने रिळे घरी सांभाळली होती, ती १९९६ मध्ये उजेडात आली.

स्वाध्याय

आवडत्या नाटकातले सर्वांत टाळ्याखाऊ भाषण घ्या आणि त्यावर काट मारा. आता त्या वेळात ते पात्र काय करते, कुठे पाहते, त्याच्याकडे कोण पाहते, ते लिहा. 'हातवारे करते' हे उत्तर चालणार नाही. त्याला शून्य गुण. काहीच सुचले नाही, तर ते नाटक रंगभूमीसाठीच लिहिलेले आहे, त्याला सुखाने तिथेच राहू द्या. सुचले, तर मूळ लेखकाच्या चाहत्यांना कळण्याआधी चित्रीकरण उरकून घ्या.