चिरंजीवांचं टेबल

बनशंकरी, बेंगळुरू

ती. सौ. आईंस,


आपल्या चिरंजीवांनी जेवणाचं टेबल घरीच करायला घेतलंय. तेही मंगळवारी, भर राहुकाळात! तिकडे सांगलीत त्या वेळी कुणी नव्या कामाला हात लावणार नाही. पण इथल्या बनशंकरीच्या देवळात नेमक्या राहुकाळातच लिंबाच्या सालीत दिवे लावतात. हा दाखला मिळाल्यावर करवत कोण थांबवणार?

लाकूड सिल्व्हर ओकचं. बाबांना नावावरून पवारसाहेबांचा बंगला आठवेल. खरं तर हा ओकच नव्हे, मूळचं ऑस्ट्रेलियाचं झाड. कूर्गच्या कॉफीमळ्यांत सावलीसाठी लावतात आणि खोडावर मिरीचे वेल चढवतात. सागाहून स्वस्त आणि रंध्याखाली नरम.

मापं तर घरातल्या पोरांनाही पाठ झालीत. टेबलाची उंची 75 सेंमी, खुर्चीची बैठक 45, माणशी रुंदी 60. समोरासमोर तीन-तीन जण, म्हणून लांबी 180. नातीने लगेच हरकत घेतली, ‘‘आजोबा खुर्चीवरही मांडी घालूनच बसतात!’’ हिशेब केला. बैठक आणि टेबल यांत 30 सेंमी, त्यातून फळी आणि तिच्याखालची आडवी पट्टी मिळून 10 खातात. उरलेल्या 20 मध्ये बाबांची मांडी मावेना. अखेर त्यांच्या बाजूची पट्टी मधोमध कमानीसारखी कोरली.

बाबांनी फोनवरून हुकूम सोडला होता, ‘‘चारी बाजूंनी घट्ट स्क्रू पिळ.’’ चिरंजीवांनी तो मानला नाही, हे बरंच झालं. अस्सल लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत फारसा फरक पडत नाही. जखडून ठेवलं की तडकतं. म्हणून खालच्या बाजूला स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच, वर वॉशर. स्क्रू त्यात जरासा सरकतो. लाकडाच्या असल्या लहरींचा अभ्यास या गावाला नवा नाही. इथल्या मल्लेश्वरमच्या लाकूड संशोधन संस्थेचं मूळ 1938 च्या म्हैसूर संस्थानातल्या प्रयोगशाळेत आहे.

पाय बोल्ट लावून सुटे ठेवलेत. घर भाड्याचं, उद्या बदललं तर टेबल लिफ्टमध्ये शिरायला हवं.

पॉलिश अजून वाळायचंय, तोवर पंगत जमिनीवरच. चिरंजीव दर तासाला बोट लावून बघतात आणि बोटाचा ठसा पुसत बसतात.

दिवाळीला याल तेव्हा टेबलक्लॉथ मात्र आणू नका, तो घालू दिला जाणार नाही. माळ्यावरच्या पितळी अडण्या तेवढ्या आणा. गरम पातेलं थेट टेबलावर ठेवायला घरात सर्वांना बंदी आहे.

आपली,
सूनबाई