शंभरच का?

लिनक्सच्या कर्नलमध्ये निम्म्याहून अधिक कोड ड्रायव्हरांचा आहे. म्हणजे या जगप्रसिद्ध प्रणालीची अर्ध्याहून जास्त अक्कल कुठल्या ना कुठल्या चिपची मनधरणी करण्यात खर्च होते. अशाच एका चिपच्या ड्रायव्हरची दुरुस्ती परवा माझ्याकडे तपासायला आली. चिप मेमरी कार्ड वाचणारी. लॅपटॉप झोपेतून उठला, की ही उठायची नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती : चिपला वीज दिल्यावर शंभर मिलिसेकंद झोपा, मग पुढचं बोला.

"शंभरच का?" ती पाठवणाऱ्या पोराला मी विचारलं.

"सर, पन्नासला कधीकधी चालत नव्हतं."

"आणि दोनशेला?"

"दोनशेलाही चालतं."

"मग शंभर का?"

"शंभर बरं दिसतं, सर."

इतकं प्रांजळ उत्तर या धंद्यात सहसा मिळत नाही. चिपच्या डेटाशीटमध्ये दहा मिलिसेकंद पुरेत असं छापलेलं होतं. पण डेटाशीट हे स्थळाच्या बायोडेटासारखं असतं. त्यात सगळेच शांत आणि मनमिळाऊ. खरं काय ते घरात आल्यावर कळतं. म्हणून तर कर्नलमध्ये 'क्वर्क' नावाखाली हार्डवेअरच्या खोडींच्या याद्या ठेवाव्या लागतात. यूएसबीच्या यादीत कंपनी आणि मॉडेलच्या क्रमांकांसकट नोंदी आहेत : हिला ओळख विचारल्यावर जरा उसंत द्या, हिला वीज वाचवायला सांगू नका. नवसाने झालेल्या पोराचेही इतके लाड होत नसतील.

माझ्याआधी बऱ्याच जणांनी ही दुरुस्ती पाहिली होती आणि सगळ्यांच्या हरकती टॅबवर होत्या. कर्नलमध्ये टॅब आठ अक्षरांचा, हा दंडकच आहे. तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर आधी प्रोग्रॅम सुधारा, असं शैलीपत्रक सुनावतं. एकाला ओळ ऐंशी अक्षरांच्या पलीकडे गेलेली खुपली होती. शैली तपासणाऱ्या स्क्रिप्टने २०२०मध्ये ही मर्यादा शंभरावर नेली, पण जुन्या मंडळींनी अजून सुतक सोडलेलं नाही. शंभर मिलिसेकंदांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. टॅबवर मत द्यायला चिप समजावी लागत नाही ना!

खरी गोम वेगळीच होती. ती ओळ घातली होती स्पिनलॉक, म्हणजे इतरांना दाराशी ताटकळत ठेवणारं कुलूप, धरलेल्या जागी आणि स्पिनलॉक हातात असताना झोपायला सक्त मनाई. झोपलात की कर्नल थयथयाट करतो, कधी अख्खं यंत्रच गोठतं.

"मग एमडिले वापरू?" पोरगा उत्साहाने म्हणाला. एमडिले झोपत नाही, प्रोसेसरला जागच्या जागी गरगर फिरवत ठेवतो. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला शंभर मिलिसेकंद म्हणजे तीस कोटी ठोके. एका कार्ड रीडरचे डोळे उघडेपर्यंत!

शेवटी थांबण्याचं काम लॉकच्या बाहेर आलं आणि ठरीव झोप जाऊन तिथे विचारपूस आली. दर मिलिसेकंदाला स्टेटस रजिस्टर वाचायचं, 'तयार'चा बिट लागला की पुढे निघायचं, शंभर झाले तरी लागला नाही तर एरर देऊन परतायचं. त्यामुळे शंभराला निदान हुद्दा मिळाला, कमाल मर्यादेचा.

मग सोपस्कार. मूळ चूक ज्या कमिटमध्ये शिरली, त्याच्या हॅशची पहिली बारा अक्षरं 'फिक्सेस'पुढे लिहायची, म्हणजे दोषाचं कूळ कायमचं नोंदलं जातं. खाली 'साइन्ड-ऑफ-बाय'. ही सहीची प्रथा २००४ची. कोड कुणाचा, यावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्यावर आलेलं शहाणपण. त्याखाली मी माझं 'रिव्ह्यूड-बाय' दिलं. एका तासात पुढची हरकत आली : कमेंटच्या शेवटी पूर्णविराम नाही.

दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना एवढीच विनंती, की कोडमध्ये गोल आकडा घालताना तो आला कुठून, हे तिथेच लिहावं. 'पन्नासला बंद पडलं' एवढंही चालेल.