कॉन्फिगपंत

हिंजवडीतल्या कुठल्याही मजल्यावर जा, एक कॉन्फिगपंत सापडतोच. प्रोग्राम कुणीही लिहावा. त्याच्या सेटिंगची फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायची, हे मात्र पंत ठरवणार.

एखादं नवं पोर म्हणालं, "सर, जेसन घेऊ या," की आमचे पंत चष्मा कपाळावर सरकवतात. "त्यात कॉमेंट लिहिता येते?" येत नाही. डग्लस क्रॉकफर्डनं कॉमेंट मुद्दाम काढून टाकल्या, कारण लोक त्यांत पार्सरसाठी सूचना कोंबू लागले होते. पंत हे अशा सुरात सांगतात, जणू क्रॉकफर्डनं त्यांची वडिलोपार्जित जमीनच हडपली.

मग यॅमल? पंत पेन्सिलीचं टोक स्क्रीनला टेकवून स्पेस मोजू लागतात. इंडेंटला टॅब दिला की फाइल बोंबलली. जुन्या १.१ आवृत्तीत नॉर्वेचा 'एनओ' हा कोड अवतरणचिन्हाविना लिहिला, तर त्याचा सरळ नकार होतो. "अख्खा देश खोटा पडतो रे!" २००९च्या १.२ आवृत्तीनं हे सुधारलं, पण कितीतरी लायब्ररी अजून जुन्याच वळणानं चालतात. आणि २०१३ साली टॉम प्रेस्टन-वर्नरनं आणलेलं टॉमल? "कॉमेंट आहेत, पण सेटिंगच्या पोटात सेटिंग आलं की चौकटी कंसांची वरात निघते."

कॉमेंटमधून कारण नोंदवण्याचं हे वेड फाइलपुरतंच नाही. कँटीनच्या मेनूत शुक्रवारी उसळ नाही, तर पंत विचारणार, "कारण लिहिलंय?" सोसायटीच्या पार्किंगच्या नोटिशीला तोच प्रश्न. लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' वाचून त्यांनी यजमानांना गाठलं, "आणू नये ते ठीक, पण का?"

नावं ठेवत का होईना, पंतांनी शेवटी यॅमलच ठेवलं होतं, कारण त्यात कॉमेंट चालतात. मग त्यांनी नोकरी बदलली आणि पोरांनी एका दुपारी सगळं यॅमल जेसनमध्ये ओतलं. कॉमेंट अर्थातच गळाल्या. ४७ सेकंदांचा एक टाइमआउट विचित्र दिसतो म्हणून कुणा हुशारानं तो तीसवर आणला. महिनाअखेरीस पगाराची प्रक्रिया आडवी झाली.

जुनी फाइल उकरली. हॅशच्या पुढे पंतांची ओळ होती : 'महिनाअखेरीस बँकेचा सर्व्हर चाळीस सेकंदांनी उत्तर देतो. हा आकडा कमी केलात, तर मला फोन करू नका.'

माणूस डोकं खाणारा, यात वाद नाही. पण इतकं जपून सांगून ठेवणारा दुसरा कोण होता आमच्यात? मी फोन केलाच. पहिल्याच रिंगला उचलला.

"कॉमेंट कुणी काढली?"