जमाखर्चाबाहेरची भांडी

स्त्रिया घराबाहेर पडून कामास लागल्याखेरीज राष्ट्राच्या उत्पन्नास भरती येणार नाही, हा सिद्धांत आता इतका सर्वमान्य झाला आहे की, ज्यांनी आजन्म स्वतःचे जेवलेले ताट उचलले नाही असे सद्गृहस्थही तो व्यासपीठावरून मोठ्या तळमळीने मांडीत असतात. सरकारी श्रमबल पाहणीचे आकडेही त्यांच्या उत्साहास पोषकच आहेत. पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी 2017-18 साली 23.3 टक्के श्रमबलात दाखल होत्या, त्या 2023-24 साली 41.7 टक्के झाल्या. त्यांत घरच्याच शेतात वा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या पुष्कळ आहेत, ही बाब अलाहिदा; सरकारदप्तरी नाव रुजू झाल्यावर वर पगारही मागणे, हा हावरेपणा झाला.

या उत्कर्षाचे दर्शन घ्यावयाचे असेल त्याने चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूरला जावे. तेथे एल्कॉट या सरकारी कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील काचेच्या इमारतींत पुण्या-नाशिकच्या कितीएक सुना संगणकापुढे बसून राष्ट्रीय उत्पन्नात भर घालीत असतात. आणि त्यांना वेळेवर तेथे पोचता यावे म्हणून पेरुम्बाक्कमची अक्का भल्या पहाटे एका घरची कणीक मळून दुसऱ्या घरच्या भांड्यांना हात घालते. नदीकाठच्या झोपड्या हटवून माणसे ज्या बहुमजली वसाहतीत आणून ठेवली, ती ही पेरुम्बाक्कमची वसाहत; अंतरापायी शहरातली जुनी कामे अनेकींच्या हातची गेली, परंतु साध्या बसला 2021 पासून स्त्रियांना तिकीट पडत नाही, हा दिलासा आहेच. मग अक्काच्या घरी भात कोण रांधते? तिची थोरली मुलगी, शाळेला निघण्यापूर्वी. या मुलीचे नाव मात्र श्रमबलात दाखल नाही.

या साऱ्या घडामोडीत यजमानांच्या स्थैर्यास जराही धक्का लागलेला नाही, हे विशेष. 2024 च्या कालविनियोग पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी 289 मिनिटे जातात, आणि जे पुरुष त्यास हात लावतात त्यांची 88. 2019 च्या पाहणीत हाच पुरुषी आकडा 97 होता. म्हणजे राष्ट्र पुढे जात असता पुरुषवर्गाने नऊ मिनिटांची काटकसर साधली. तमिळनाडू सरकार 2023 पासून पात्र गृहिणींना दरमहा हजार रुपये ‘हक्काची रक्कम’ म्हणून देते, हे स्तुत्यच. ती वरील 289 मिनिटांच्या देशव्यापी सरासरीने भागल्यास तासाला सात रुपयांहून किंचित कमी पडतात, एवढेच.

गृहस्थाने आपल्या स्वयंपाकिणीशी विवाह केला की राष्ट्रीय उत्पन्न घटते, असे पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 साली लिहून ठेवले आहे. त्याच न्यायाने आमची एक नम्र सूचना आहे. शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांतील गृहिणींनी परस्परांच्या घरी रांधावे, घासावे, आणि रीतसर वेतन घ्यावे. पैसा दोन्ही घरांबाहेर न जाता उत्पन्न वाढेल, दोघींची नोंद होईल, मंत्रिमहोदयांस भाषणासाठी नवा आकडा मिळेल; यजमान वर्तमानपत्रामागून पूर्ववत ‘चहा झाला का?’ असे विचारतील, आणि त्यांस पहिल्यांदाच चहाबरोबर पावती मिळेल.