छायासनमीमांसा, अर्थात फडात सावलीला कुठे बसावे

आपल्याकडे पाकशास्त्रापासून अश्वशास्त्रापर्यंत सगळ्यावर ग्रंथ झाले. पण जत्रेतल्या कुस्त्या बघताना सावलीला नेमके कुठे बसावे, या प्रश्नाकडे एकाही आचार्याने ढुंकून पाहिलेले नाही. आचार्यांना मंडपात खुर्ची मिळत असावी, एवढेच त्याचे कारण दिसते. ही उणीव निदान नळदुर्गापुरती भरून काढावी, असा प्रस्तुत लेखकाचा मानस आहे.

प्रथम पूर्वपक्ष. नळदुर्गची खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेची, म्हणजे भर थंडीतली. मग सावली हवी कशाला? असा आक्षेप घेणारा मनुष्य पुण्याचा समजावा. पौषात आमच्याकडे पहाटे शेकोटी सोडवत नाही हे खरे. पण दुपारी एकनंतर उघड्या रानात कोणी बोडक्याने बसलेला दिसला, तर तो परगावचा पाहुणा हे न विचारता कळते. एकच गृहस्थ सकाळी उन्हाच्या जागेसाठी भांडतो आणि दुपारी सावलीच्या जागेसाठी, आणि दोन्ही वेळा न्याय त्याच्याच बाजूने असतो. खुद्द देवाचा दाखला घ्या. खंडोबाची मूर्ती एक, घरे दोन: थंडीचे पावणेदोन महिने नळदुर्गात, उरलेले सव्वादहा महिने अणदूरला. भाविक यामागे परंपरा सांगतात. आमचे नम्र मत असे की ऊन तापायच्या आत जागा बदलणारा हा आद्य जाणकार होय. अणदूरचे ऊन नळदुर्गाहून तसूभरही कमी नाही, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि आम्ही तो बाजूला ठेवत आहोत.

आता गणित. नळदुर्ग ७६ अंश रेखांशाच्या थोडे पुढे, आणि आपली घड्याळे चालतात साडेब्याऐंशी अंशांच्या हिशोबाने. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे पंचवीस मिनिटे मागे. जानेवारीत तर खरी दुपार व्हायला साडेबारा उलटून जातात, आणि तेव्हाही सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेला कललेला असतो. म्हणून त्या वेळी लिंबाची सावली बुंध्याच्या उत्तरेला पडते. चार वाजता सूर्य नैर्ऋत्येला उतरतो, सावली ईशान्येला वळते आणि झाडाच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट लांब होते.

यातून पहिले सूत्र निघते: पडलेल्या सावलीत बसू नये, पडणाऱ्या सावलीत बसावे. नवखा माणूस एक वाजता येतो, बुंध्याच्या उत्तरेला ऐसपैस मांडी ठोकतो आणि तीनला तोंडावर ऊन घेऊन हळहळतो. मुरलेला म्हातारा मात्र एक वाजता झाडाच्या ईशान्येला, रखरखीत उन्हात, डोक्यावर उपरणे घेऊन बसतो. लोक कळवळून म्हणतात, "काय उन्हात बसलाव मामा? इकडं या की." मामा म्हणतात, "बसा तुम्ही, बसा." आणि तंबाखूची चिमूट सोडतात. तीनच्या सुमाराला सावली आपणहून मामांच्या पायाशी येते, साडेतीनला पटक्यावर चढते. कळवळणाऱ्यांपैकी कोणी तोवर तिकडे सरकू म्हटले तर जागा उरलेली नसते.

दुसरे सूत्र मनुष्यछायेचे. फड गोल असल्याने सगळ्या जागा सारख्या, असा एक भाबडा समज आहे. हौदाच्या पश्चिमेला बसलेल्याच्या पाठीशी ऊन असते. त्याला सावली देतो तो मागचा माणूस. हलगी चढली, मागचा उठून उभा राहिला की सावली वाढते आणि कुस्ती तेवढीच दिसते. पूर्वेला बसलेल्याची गत उलटी. त्याला सावली देतो तो पुढचा माणूस, आणि ती देताना कुस्ती काढून घेतो. पश्चिमेचा प्रेक्षक "उठा की वो" म्हणत असतो आणि पूर्वेचा "बसा की वो", याचे मूळ स्वभावात नसून दिशांत आहे. पाहुण्यांचा मंडपही याच न्यायाने बघावा. तो पश्चिमेला ठोकला तर दुपारनंतर त्याची सावली पुढे पडते आणि सत्काराचा फेटा न बांधलेल्या चारदोनशे माणसांचे भागते. पूर्वेला ठोकला तर तीच सावली मागे, भज्यांच्या कढईवर. मंडप कुठे ठोकायचा हे ठरवणाऱ्या मंडळींना स्वतःला सावली दोन्हीकडे मिळते, म्हणून या विषयावर त्यांचे मत घेऊ नये.

परदेशी मंडळींनी हा प्रश्न पैशाने सोडवला. स्पेनमध्ये बैलझुंजीच्या रिंगणात उन्हाची जागा स्वस्त, सावलीची महाग, आणि आधी ऊन मग सावली अशी मधल्या भावाचीही एक जात आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या नियमांतच सुचवलेले आहे की होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. त्यामुळे दुपारच्या सामन्यात सावली साधारणतः तिसऱ्या बेसच्या बाजूला आधी येते, हे माहीतगार तिकीट काढतानाच बघून ठेवतो. रोमच्या कोलोसियमवर तर कापडी छत ताणायला आरमारातले खलाशी ठेवलेले असत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायतवारीत ते कोलोसियम पाहिले आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. गोलाई आली, उतरती बैठक आली. खलाशी तेवढे आले नाहीत.

नळदुर्गाला सावलीचे तंत्र अवगत नव्हते, असे मात्र कोणी म्हणू नये. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटातच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन याने पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि बघणारा आत, पाण्याच्या मागे, दगडी गारव्यात बसतो. सावली, देखावा आणि तुषार एकाच आसनावर देणारी दुसरी बैठक आमच्या पाहण्यात नाही. एवढेच की तिथून कुस्ती दिसत नाही.

शेवटी एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. फड दुपारी सुरू होतो तो पोराटोरांच्या, नारळावरच्या नि रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. नावाजलेल्या जोड्या लागेपर्यंत दिवस कलतो, आणि मानाच्या कुस्तीची सलामी होते तेव्हा साऱ्या फडावर एकसारखी सावली असते नि झाडून सारे गाव उभे असते. म्हणजे हे शास्त्र ज्या कुस्त्यांच्या वेळी उपयोगी पडते, त्या कुस्त्या बघतो कोण? बघतात; त्या पोरांचे आईबाप बघतात. ते हौदाच्या काठाला, भर उन्हात, उभ्यानेच असतात. पोरगं चीत होईपर्यंत किंवा करीपर्यंत त्यांना 'सरका' म्हणायची कोणाची छाती होत नाही.