सदर मदत ऑनलाइन उपलब्ध आहे

कीबोर्डच्या वरच्या रांगेत एस्केपला खेटून एफ-वन नावाचं बटण असतं. तुमच्याकडेही असेल, ते जप्त केल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. पूर्वी ते दाबलं की मदत यायची, तिथल्या तिथे. 1990 साली विंडोज 3.0 आलं, तेव्हापासून मदतीची फाईल सॉफ्टवेअरबरोबरच मशीनवर उतरायची. हिरव्या, अधोरेखित शब्दावर टिचकी मारली की पुढचं पान उघडायचं. त्या काळी सॉफ्टवेअर फ्लॉपीवर यायचं, एकेका एमबीसाठी मारामार असायची, तरी मदतीला जागा निघायची. आज तेच सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर जीबीच्या हिशेबात बिनभाड्याचं राहतं. मदतीला मात्र जागा नाही म्हणे.

परवा पान क्रमांक तिसऱ्या पानापासून सुरू करायचे होते. मागणी काही राज्यघटनेत दुरुस्ती करण्याची नव्हती. बाहेर पाऊस, नेट गेलेलं. एफ-वन दाबलं. ब्राउझर उघडला आणि त्याने शांतपणे कळवलं की आपण इंटरनेटशी जोडलेले नाही. ते मला ठाऊक होतं. नेट का जोडलं जात नाही हे शोधायला गेलो, तर त्याचीही मदत इंटरनेटवरच. विहिरीत पडलेल्याला दोर काठावरच्या कार्यालयात मिळेल, समक्ष येऊन घ्यावा, असं सांगण्यातला हा प्रकार.

रात्री नेट आलं. मग कुकीजना संमती दिली, देश निवडला, भाषा निवडली. एवढी माहिती मी जनगणनेलाही देतो, पण तिथे निदान माणूस दारात येतो. शेवटी पान उघडलं. त्यात सांगितलेला मेनू माझ्याकडे नव्हताच, कारण पान नव्या आवृत्तीचं आणि मी जुन्या आवृत्तीचा लाभार्थी.

नैसर्गिक न्यायाला धरून दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कंपन्या म्हणतात, ऑनलाइन मजकुरातली चूक लगेच सुधारता येते, नवी फाईल वाटावी लागत नाही. खरं आहे. फक्त मजकूर सुधारतो तेव्हा माझं सॉफ्टवेअर होतं तिथेच राहतं, आणि दोघांमधलं अंतर वाढत जातं. शिवाय कुणी काय शोधलं याची नोंदही त्यांना आपसूक मिळते. माझं पान क्रमांकाचं अज्ञान आता कुठल्या तरी सर्व्हरच्या दप्तरी जमा असणार.

आणि ज्यांनी मदत मशीनवरच जपून ठेवली होती त्यांचं काय झालं? व्हिस्टा आलं तेव्हा त्या जुन्या मदत-फायली वाचणारा प्रोग्रॅमच विंडोजमधून वगळण्यात आला. फायली जागच्या जागी, वाचणारा सेवानिवृत्त. तो हवा असल्यास वेगळा उतरवून घ्यावा, असं सुचवण्यात आलं. कुठून, ते तुम्ही ओळखलंच असेल. विंडोज 10 मध्ये तीही सोय बंद.

युनिक्सवाल्यांकडे बघून मात्र जीव जळतो. त्यांच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची. आजही लिनक्सवर मॅन लिहून पुढे आज्ञेचं नाव टाका, कसाऱ्याच्या बोगद्यातही उत्तर येतं. उत्तर समजत नाही, ती गोष्ट वेगळी. पण न समजणारी का होईना, मदत घरात आहे. लिब्रेऑफिसवालेही मदतीची फाईल वेगळी देतात, एकदा बसवली की नेटशिवाय चालते. म्हणजे हे अशक्य आहे ही सबब निकाली निघाली.

त्या रात्रीच्या पानाच्या तळाशी विचारलं होतं, 'ही माहिती उपयुक्त वाटली का?' मी 'नाही' दाबलं. कारण लिहायला एक चौकट उघडली. वर लिहिलं ते सगळं सविस्तर मांडायला घेतलं, तर तिसऱ्या ओळीत अक्षरमर्यादा संपली. जोडपत्र जोडायची सोय नव्हती.